टेस्ट कनेक्शन यशस्वी, तरी रात्रीचा जॉब पडतो: कारण कसं शोधायचं

'कनेक्शन टेस्ट केलं, यशस्वी दाखवतंय. पण रात्रीचा जॉब डेटा सोर्सला जोडता आलं नाही म्हणून पडला. सकाळी हाताने चालवला तर नीट चालला. गेल्या आठवड्यातही असंच झालं होतं.'

इंटिग्रेशनचं, म्हणजे एका सिस्टमचा डेटा दुसरीत नेण्याचं, काम करणाऱ्या बहुतेकांनी या मजकुराचं तिकीट (तक्रारीची नोंद) कधी ना कधी उघडलेलं असतं. टूल कुठलंही असो, तक्रार हीच: ठरलेल्या वेळी आपोआप चालणारं काम, म्हणजे जॉब, पडतं. ती परत परत येण्याचं कारणही ठरलेलं आहे. सकाळी जॉब पुन्हा चालवला, चालला, तिकीट बंद. जॉब का पडला हे कुणी पाहिलंच नाही, मग तो पुन्हा पडतो.

टेस्ट कनेक्शनचं बटण खरं तेच सांगतं, पण फार थोडं सांगतं. ज्या मशीनवरून बटण दाबलं तिथून, ज्या युजरने दाबलं त्याच्या नावाने, त्या घडीला एक कोरं कनेक्शन उघडलं, एवढंच. जॉब बहुधा दुसऱ्या मशीनवरून जातो, सर्व्हिस अकाउंटने (माणसाच्या नव्हे, प्रोग्रामच्या लॉगिनने) जातो, अवेळी जातो आणि पुष्कळदा पूलमधलं, म्हणजे पुन्हा वापरायला उघड्या ठेवलेल्या कनेक्शनच्या साठ्यातलं, जुनं कनेक्शन उचलतो. म्हणून शोधाशोध करताना मी एकच प्रश्न धरून ठेवतो: बटण दाबताना आणि जॉब चालताना नेमकं काय वेगळं होतं? खाली जे लिहिलंय ते सगळं याच प्रश्नाचं उत्तर शोधण्यासाठी आहे.

आधी एरर शेवटपर्यंत वाचा

इंटिग्रेशन टूल मूळ एररला तीन-चार थरांत गुंडाळून दाखवतं. वरच्या ओळीत फक्त 'टास्क अयशस्वी' असतं, त्यातून काही हाती लागत नाही. जावावर चालणारं टूल असेल तर सगळ्यात शेवटचं 'कॉज्ड बाय' गाठा, डॉटनेटचं असेल तर सगळ्यात आतलं 'इनर एक्सेप्शन'. तिकिटात स्क्रीनशॉट लावू नका, पूर्ण मजकूर चिकटवा. कामाची ओळ हटकून स्क्रीनशॉटच्या खाली राहून गेलेली असते.

'कनेक्शन रिफ्यूज्ड' आणि 'कनेक्शन टाइम्ड आउट' या दोन्ही एरर लोक एकाच मापाने मोजतात, आणि तिथेच पहिले दोन दिवस वाया जातात. रिफ्यूज्ड म्हणजे आपलं पॅकेट समोरच्या मशीनपर्यंत पोचलं आणि 'या पोर्टवर कोणी ऐकत नाही' असा स्पष्ट नकार आला (पोर्ट म्हणजे मशीनवरचं क्रमांकाचं दार). अशा वेळी सर्व्हिस बंद असते, पोर्ट चुकलेला असतो, किंवा डेटाबेस फक्त स्वतःच्याच मशीनसाठी ऐकत असतो. पोस्टग्रेस मुळात तसाच येतो: 'लिसन अ‍ॅड्रेसेस' हे सेटिंग बदलेपर्यंत तो लोकलहोस्टपलीकडे कोणाचं ऐकत नाही. क्वचित एखादी फायरवॉलही असा नकार पाठवते, पण मी आधी डीबीएकडे (डेटाबेस सांभाळणाऱ्याकडे) जातो. टाइम्ड आउट म्हणजे होकार नाही आणि नकारही नाही. पॅकेट वाटेत कुणीतरी टाकून दिलं, आणि ते काम बहुतेक वेळा फायरवॉलचं असतं. हे तिकीट नेटवर्क टीमचं.

लॉगिनची एरर आली तर एका अर्थाने हायसं वाटून घ्या. नेटवर्क, पोर्ट, नाव शोधणं हे सगळं पार झालं, म्हणूनच तर लॉगिनपर्यंत गाडी आली. एसक्यूएल सर्व्हरची १८४५६ ही एरर सगळ्यांच्या ओळखीची. तिच्यासोबत एक 'स्टेट' आकडा येतो आणि क्लायंटला तो कायम १ दिसतो. बाहेरच्याला जास्त माहिती मिळू नये म्हणून मुद्दाम तसं ठेवलंय. खरा आकडा सर्व्हरच्या एरर लॉगमध्ये असतो: ५ म्हणजे असा लॉगिनच नाही, ८ म्हणजे पासवर्ड चुकला, ३८ म्हणजे मागितलेला डेटाबेस उघडता आला नाही. डीबीएला 'लॉगिन होत नाही' एवढंच सांगण्यापेक्षा 'अमुक वाजताच्या १८४५६ ची स्टेट काय आहे?' असं विचारा. पाच मिनिटांत उत्तर येतं.

ओरॅकलमध्ये आकडेच बरंच सांगून जातात. ओआरए-१२१५४ मध्ये आपल्या बाजूलाच कनेक्शनचं नाव सोडवता आलं नाही, डेटाबेसपर्यंत काही गेलेलंच नाही. अशा वेळी डीबीएला उठवण्यात अर्थ नाही, कनेक्शनची नावं जिथे लिहिलेली असतात ती टीएनएसनेम्सची फाइल आणि तिचा पाथ तपासा. १२५४१ म्हणजे मशीन सापडलं, पण त्या पोर्टवर लिसनर (कनेक्शन घेऊन डेटाबेसकडे देणारा प्रोग्राम) नाही. १२५१४ म्हणजे लिसनर भेटला, पण मागितलेली सर्व्हिस त्याला ठाऊक नाही. डेटाबेस नुकताच रीस्टार्ट झाला असेल तर लिसनरकडे नोंद होईपर्यंत थोडा वेळ ही एरर येऊन आपोआप जातेही. रात्रीच्या बॅकअपनंतर डेटाबेस रीस्टार्ट होत असेल आणि जॉब त्याच मिनिटाला लावलेला असेल, तर कारण सापडलं समजा.

मायएसक्यूएलची १०४५ आली तर तिच्यातला युजरनंतरचा होस्टचा भाग नीट बघा. मायएसक्यूएल युजर आणि तो कुठून आला हे दोन्ही मिळून परवानगी ठरवतो. तिथे दिसणारा पत्ता तुमच्या अपेक्षेतला नसेल, तर वाटेत कुठेतरी पत्ता बदलतोय आणि परवानगी भलत्याच पत्त्याला दिलेली आहे.

जॉब जिथून चालतो तिथूनच टेस्ट करा

क्लाउडमधल्या टूलचा स्क्रीन आपल्या ब्राउझरमध्ये दिसतो, पण डेटाबेसला जोडणारा असतो एजंट. कुणी त्याला गेटवे म्हणतं, कुणी रनटाइम. तो कुठल्या मशीनवर बसलाय हे आधी शोधा. एकापेक्षा जास्त नोड असतील तर प्रत्येकावरून टेस्ट करा. तीनपैकी एकाच नोडवर फायरवॉलचा नियम राहून गेला असेल, तर जॉब कधी चालतो, कधी पडतो, आणि बघणाऱ्याला त्यात कुठलाच नियम दिसत नाही.

त्या मशीनवर लॉगिन करून टप्प्याटप्प्याने पुढे जा. एनएसलुकअप या कमांडने डीएनएसमध्ये नाव कुठल्या पत्त्यावर जातंय ते बघा, आणि तो पत्ता बरोबर आहे का तेही बघा. नाव सापडलं एवढ्यावर खूश होऊ नका. मशीनवरची होस्ट्स फाइलही उघडून बघा, कारण एनएसलुकअप ती वाचत नाही, आणि डेटाबेस हलवल्यानंतर तिच्यात जुनी ओळ राहिलेली मी एकदा नाही, अनेकदा पाहिली आहे. मग पोर्ट: विंडोजवर पॉवरशेलची टेस्ट-नेटकनेक्शन, लिनक्सवर एनसी. एसक्यूएल सर्व्हर १४३३, ओरॅकल १५२१, मायएसक्यूएल ३३०६, पोस्टग्रेस ५४३२, एसएफटीपी २२ हे नेहमीचे पोर्ट, पण तुमच्याकडे बदललेले असू शकतात. पिंगवर भिस्त ठेवू नका. पिंगला उत्तर येतं म्हणून पोर्ट उघडा आहे असं होत नाही, आणि पिंग बंद केलेल्या मशीनवर डेटाबेस व्यवस्थित चालू असतो.

एसक्यूएल सर्व्हरच्या नावात उलटी तिरकी रेघ आणि पुढे इन्स्टन्सचं नाव असेल तर एक जास्तीची पायरी असते. पोर्ट कुठला हे आधी ब्राउझर सर्व्हिसला यूडीपी १४३४ वर विचारलं जातं. फायरवॉलमध्ये टीसीपी उघडतात आणि हा यूडीपी विसरतात. सरळ पोर्टचा आकडा देऊन जोडून बघा. जोडलं गेलं तर दोष तिथेच आहे.

विंडोजवर ओडीबीसी (डेटाबेसशी जोडण्याची सामाईक पद्धत) वापरणाऱ्यांसाठी दोन जुने सापळे. पहिला ३२ बिट आणि ६४ बिटचा. ओडीबीसीची खिडकी दोन्हींसाठी वेगळी असते. गंमत नाही, खरंच ६४ बिटवाली सिस्टम३२ या फोल्डरमध्ये असते आणि ३२ बिटवाली सिसवाऊ६४ मध्ये. नावं उलटी वाटतात, त्यामुळे माणूस एका खिडकीत डीएसएन (नाव देऊन साठवलेली कनेक्शनची माहिती) बनवतो आणि टूल दुसरीकडे शोधत राहतं. दुसरा सापळा यूजर डीएसएनचा. तो फक्त बनवणाऱ्याला दिसतो. सर्व्हिस अकाउंटने चालणाऱ्या जॉबला हवा असतो सिस्टम डीएसएन.

कंटेनरमध्ये (मशीनवरच्या वेगळ्या, बंदिस्त वातावरणात) एजंट चालत असेल तर लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर, त्याखालचं मशीन नव्हे. कॉन्फिगमध्ये लोकलहोस्ट दिसला की आधी तोच बदला.

कोणाच्या नावाने जोडलं जातंय?

एसएसआयएस या मायक्रोसॉफ्टच्या इंटिग्रेशन टूलमधला एक दोष वर्षानुवर्षं तसाच भेटतो. पॅकेजची प्रोटेक्शन लेव्हल मुळात अशी असते की पासवर्ड बनवणाऱ्याच्या युजर कीने एन्क्रिप्ट होतो. डेव्हलपरच्या मशीनवर सगळं छान चालतं. तेच पॅकेज जॉब चालवणाऱ्या एसक्यूएल एजंटच्या अकाउंटने चाललं की पासवर्ड उलगडत नाही, आणि एरर मात्र लॉगिन अयशस्वी झाल्याची दिसते. मग लोक पासवर्ड बदलत बसतात. पासवर्ड पॅकेजबाहेर काढून सर्व्हरच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये किंवा पॅरामीटरमध्ये ठेवा, म्हणजे हा प्रश्नच उरत नाही.

फाइल हा डेटा सोर्स असेल तर ड्राइव्हचं अक्षर टाळा. 'झेड' ड्राइव्ह तुमच्या लॉगिनपुरता जोडलेला असतो, सर्व्हिसला तो दिसतच नाही. सर्व्हरच्या नावापासून सुरू होणारा पूर्ण नेटवर्क पाथ द्या, आणि त्या शेअरवर सर्व्हिस अकाउंटला परवानगी आहे ना तेही बघा.

केर्बेरॉस या ओळख पटवण्याच्या पद्धतीवर चालणाऱ्या ठिकाणी दोन मशीनच्या घड्याळांत मुळातल्या सेटिंगप्रमाणे ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला की तिचं तिकीट (ओळखीचा पुरावा) नाकारलं जातं. एजंटचं घड्याळ हळूहळू सरकत असेल तर महिनोन्महिने चाललेलं कनेक्शन एके दिवशी बंद पडतं, आणि कोणी काहीच बदललेलं नसतं.

आता अकाउंट पुन्हा पुन्हा लॉक होण्याबद्दल. ओरॅकलची ओआरए-२८००० येते, डीबीए अनलॉक करतात, थोड्या वेळाने अकाउंट परत लॉक. असं झालं की समजा, कुठेतरी एक जुना जॉब जुना पासवर्ड घेऊन दार वाजवत बसलाय. ११जी पासूनच्या डिफॉल्ट प्रोफाइलमध्ये पासवर्डची मुदत १८० दिवस आणि चुकीचे प्रयत्न १० धरलेले असतात. पासवर्ड बदलला, नऊ जॉब अपडेट झाले, दहावा कोणाच्या लक्षात नव्हता, आणि तो दर पाच मिनिटांनी रीट्राय करतो. एका प्रोजेक्टवर असं झालं तेव्हा मी डीबीएंना विनंती केली, 'आत्ता अनलॉक करू नका. ऑडिट ट्रेलमध्ये रिटर्न कोड १०१७ (चुकीचा युजर किंवा पासवर्ड) कुठल्या होस्टवरून येतोय तेवढं बघून द्या.' उत्तरात आलेलं होस्टचं नाव आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. बंद केला असं सगळे समजत होते तो जुना टेस्ट सर्व्हर निघाला. तो थांबवला आणि मगच अनलॉक केलं. आधी शोध, मग अनलॉक हा क्रम कितीही घाई असली तरी मोडू नका.

पासवर्डबद्दल आणखी एक. कनेक्शन यूआरएलच्या रूपात लिहिलं असेल आणि पासवर्डमध्ये @ किंवा # असेल, तर यूआरएल मध्येच तुटतो आणि होस्टचं नाव चुकीचं वाचलं जाऊ शकतं. @ च्या जागी %४० आणि # च्या जागी %२३ लिहावं लागतं, आकडे अर्थात इंग्रजीत. नव्या पासवर्डनंतर अचानक 'होस्ट सापडला नाही' अशी एरर आली तर हीच शंका आधी घ्या.

सव्वादोनला येणारी एरर

या प्रकाराने मला सगळ्यात जास्त शिकवलं, म्हणून सविस्तर सांगतो. रात्री नऊला एक जॉब, मग थेट पहाटे दोनला दुसरा, दोघेही एकाच पोस्टग्रेसकडे जाणारे. दोनचा जॉब आठवड्यातून चार-पाच वेळा पडायचा. टेस्ट कनेक्शन कायम यशस्वी. सकाळी हाताने चालवला की चालायचा. डेटाबेसच्या लॉगमध्ये त्या वेळी कसलीच नोंद नाही. डीबीए म्हणाले, 'तुमचा जॉब आमच्यापर्यंत आलेलाच नाही.' ते खरं बोलत होते.

सुगावा लागला तो वेळेवरून. मी पंधरा दिवसांचे लॉग शेजारी शेजारी ठेवले आणि फक्त दोन रकाने पाहिले: सुरुवात कधी आणि एरर कधी. सुरुवात २:००:०४, एरर २:१५:३९. दुसऱ्या दिवशी सुरुवात २:००:०३, एरर २:१५:४१. दर वेळी साडेपंधरा मिनिटांच्या आसपास. डेटाबेस जड झाला असता तर हा वेळ कमी-जास्त झाला असता. इतका ठरलेला वेळ म्हणजे कुठलातरी टायमर संपतोय.

तो टायमर लिनक्सचा होता. आधीपासून उघड्या असलेल्या टीसीपी कनेक्शनवर डेटा पाठवला आणि पोच आली नाही, तर लिनक्स मुळातल्या सेटिंगप्रमाणे १५ वेळा पुन्हा पाठवतं. त्यात किमान ९२४ सेकंद, म्हणजे सव्वापंधरा मिनिटांच्या थोडं वर वेळ जातो, आणि मग कनेक्शन मेलं असं जाहीर होतं. म्हणजे जॉब नवं कनेक्शन उघडतच नव्हता. नऊच्या जॉबने पूलमध्ये परत ठेवलेलं कनेक्शन तो उचलत होता, आणि ते मधल्या पाच तासांत मेलेलं होतं. नेटवर्क टीमला विचारलं तेव्हा कळलं, मधल्या फायरवॉलवर एक तास शांत राहिलेली कनेक्शन्स यादीतून काढून टाकायचा नियम आहे, आणि काढताना दोन्ही टोकांना काही कळवलं जात नाही. पूलला वाटतं कनेक्शन आहे, डेटाबेसलाही वाटतं आहे, मध्ये मात्र वाटच नाही. ज्या रात्री मधल्या वेळात इतर जॉब तासाभराच्या आत तेच कनेक्शन वापरत राहायचे, ती रात्र सुरळीत जायची. टेस्ट बटण तर दर वेळी कोरं कनेक्शन उघडत होतं, त्याला हा दोष दिसणं शक्यच नव्हतं.

उपाय तीन ठिकाणी केले. पूलमधल्या कनेक्शनचं जास्तीत जास्त आयुष्य फायरवॉलच्या मुदतीपेक्षा कमी ठेवलं, ३० मिनिटं. जॉबच्या हाती देण्याआधी पूलने कनेक्शन तपासून द्यावं हे सेटिंग चालू केलं, आणि त्या तपासणीला काही सेकंदांची मर्यादा घातली, नाहीतर तपासणीच साडेपंधरा मिनिटं अडकते. आणि टीसीपी कीपअलाइव्ह, म्हणजे शांत कनेक्शन जागं ठेवायला मधूनमधून जाणारा छोटा संदेश. इथे सावध राहा: ड्रायव्हरमध्ये कीपअलाइव्ह चालू केलं एवढ्याने भागत नाही. लिनक्समध्ये पहिला संदेश मुळात ७२०० सेकंदांनी जातो. दोन तासांनी. आमची फायरवॉल एका तासात वाट बंद करत होती, म्हणून ती वेळ ३०० सेकंदांवर आणली.

क्लाउडमध्ये या मर्यादा आणखी कडक असतात. एडब्ल्यूएसचा नॅट गेटवे ३५० सेकंद शांत राहिलेलं कनेक्शन सोडून देतो. अझूरच्या लोड बॅलन्सरची मुळातली मुदत ४ मिनिटांची आहे. त्यामुळे पूलशिवायही हाच प्रकार होतो: जड क्वेरी डेटाबेसमध्ये सात मिनिटं हिशेब करत बसते, तेवढा वेळ तारेवरून एक अक्षरही जात नाही, आणि उत्तर तयार होईपर्यंत वाट बंद झालेली असते.

एरर यायला लागलेला वेळ तेव्हापासून मी प्रत्येक तिकिटात पाहतो. १५ सेकंद आले तर डॉटनेटच्या एसक्यूएल क्लायंटचा कनेक्ट टाइमआउट आठवतो. बरोबर ३० सेकंद आले तर हिकारी या जावाच्या पूलमध्ये मोकळं कनेक्शन मिळालं नाही अशी शंका येते, म्हणजे नेटवर्क ठीक आहे आणि कोणीतरी कनेक्शन घेऊन परत करत नाही. विंडोजवर २१ सेकंदांच्या आसपास किंवा लिनक्सवर साधारण दोन मिनिटं गेली तर पहिल्याच पॅकेटला उत्तर मिळालेलं नाही. आणि एरर चुटकीसरशी आली तर कोणीतरी स्पष्ट नकार दिलेला आहे.

मुदत संपल्यामुळे आणि गर्दीमुळे

काही दोष कॅलेंडर लावल्यासारखे येतात. गुगलच्या सेवांना जोडताना दर सातव्या दिवशी पुन्हा परवानगी द्यावी लागत असेल, तर ओऑथ (परवानगी देण्याची पद्धत) वापरणारं अ‍ॅप 'टेस्टिंग' अवस्थेत राहिलंय का ते बघा. बाहेरच्या युजरसाठीच्या अशा अ‍ॅपचे रिफ्रेश टोकन (परवानगी टिकवून ठेवणाऱ्या किल्ल्या) ७ दिवसांत संपतात. अ‍ॅप प्रॉडक्शनमध्ये नेलं की ही आठवड्याची मुदत जाते.

ड्रायव्हर अपडेट केल्यावर 'सर्टिफिकेट विश्वासार्ह नाही' अशी एरर आली, तर सर्व्हरवर काही बदललेलं नसणंच जास्त शक्य आहे. मायक्रोसॉफ्टच्या ओडीबीसी ड्रायव्हर १८ पासून एन्क्रिप्शन मुळातच चालू असतं, १७ मध्ये ते बंद होतं. त्यामुळे सर्व्हरवरचं स्वतःच सही केलेलं सर्टिफिकेट आता पहिल्यांदा तपासलं जातं. 'ट्रस्ट सर्व्हर सर्टिफिकेट' हो केलं की एरर लगेच जाते, म्हणून सगळे तेच करतात. तसं करू नका. त्याने समोरचा सर्व्हर खरा कोण आहे याची खात्रीच निघून जाते. योग्य सर्टिफिकेट बसवून घ्या, किंवा सही करणाऱ्या संस्थेचं सर्टिफिकेट एजंटच्या मशीनवर विश्वासू यादीत टाका. जावा टूल असेल तर त्याची यादी वेगळी असते, विंडोजच्या यादीत टाकलेलं त्याला सहसा दिसत नाही.

गर्दीचंही बघा. पोस्टग्रेस मुळात १०० कनेक्शन्स देतो, मायएसक्यूएल १५१. मध्यरात्री सगळे जॉब एकाच ठोक्याला लावले असतील आणि प्रत्येकाचा पूल वीसचा असेल, तर हिशेब कागदावरच चुकतो. सुरुवातीच्या वेळा पसरवल्या तरी पुष्कळ फरक पडतो.

बटणाऐवजी काय टेस्ट करायचं

मी प्रत्येक जॉबच्या आधी एक छोटा तपासणी-जॉब लावतो. तो त्याच एजंटवर, त्याच अकाउंटने, त्याच पूलमधून चालतो, आणि 'सिलेक्ट १' या नाममात्र क्वेरीवर न थांबता खऱ्या टेबलमधली एक ओळ वाचतो. कनेक्शन होतं पण टेबल वाचायची परवानगी नाही, हे बटणाला कधीच कळत नाही. जिथे लिहायचं असतं तिथे एका तपासणीच्या टेबलमध्ये एक ओळ लिहून पुसतोही. लॉगमध्ये एजंटचं नाव, अकाउंटचं नाव, नावावरून मिळालेला पत्ता आणि लागलेले मिलिसेकंद अशी नोंद ठेवतो.

दुरुस्ती झाली की लगेच टेस्ट करून समाधान मानू नका. पाच तास रिकाम्या राहिलेल्या पूलमुळे जॉब पडत होता, तर पाच तास पूल रिकामा ठेवूनच टेस्ट करा. सर्व्हिस अकाउंटमुळे पडत होता, तर शेड्यूलमधूनच चालू द्या, स्वतःच्या लॉगिनने नको. सव्वादोनचं तिकीट मी सलग दहा रात्री लॉग पाहिल्यावरच बंद केलं. त्या दहाही रात्री जॉब २:०० ला सुरू होऊन २:०६ च्या आत संपला होता.